रंगाचं रेशन

युद्धाच्या बातम्यांबरोबर एक फोटो हमखास येतो. पडक्या घराच्या ढिगाऱ्यावर उगवलेलं फूल, नाहीतर छप्पर उडालेल्या वर्गात लाल रिबीन बांधून बसलेली मुलगी, नाहीतर तीनच भिंती उरलेल्या खोलीत पियानो वाजवणारा म्हातारा. फोटो काढणारा कसबी असतो, उजेड नेमका जिथे हवा तिथे पडलेला असतो, आणि खाली एक ओळ असते, जगण्याचा विजय वगैरे. त्या ओळीचा मला राग येतो. त्या मुलीला विचारलं तर ती म्हणेल, आईने वेणी घातली, म्हणून रिबीन आहे. रोज असते. यात विजय कुठून आला?

लांबून बघणाऱ्याला युद्धातला रंग म्हणजे पराक्रम वाटतो. आत असलेल्याला ते एक काम असतं, आणि पाणी भरण्याइतकंच कटकटीचं. शिवाय त्या रंगाचं रेशन असतं. कुणाला किती मिळावा, कुणी वापरला तर कौतुक आणि कुणी वापरला तर कुजबुज, आणि कुणाचा एका दिवसात काढून घ्यायचा, हे कुणीतरी ठरवत असतं. कधी सरकार, कधी डोंगरावर तोफ लावून बसलेला माणूस, कधी घरातलीच वडीलधारी बाई. मला फुलापेक्षा या ठरवणाऱ्यांचं कुतूहल जास्त आहे.

माझ्या वाट्याला आलेलं युद्ध अगदीच छोटं. ३ डिसेंबर १९७१ ला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि १७ तारखेला शस्त्रसंधी झाली. मुंबईवर बॉम्ब पडला नाही. मी आठ वर्षांची होते, गिरगावात चाळीत राहत होतो, आणि खरं सांगायचं तर आम्हा पोरांना ते दिवस सुट्टीसारखे वाटले होते. बाबांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि खिडकीच्या काचांना ब्राउन पेपर लावला. टॅक्सीवाल्यांनी हेडलाइट वरून अर्धे काळे रंगवले. दिव्याला पुठ्ठ्याचं नळकांडं बसलं, त्यामुळे खोलीच्या मधोमध ताटाएवढा उजेड आणि बाकी सगळा अंधार. कुणाच्या घरातून जरा फट दिसली की खालून वॉर्डनची हाक यायची, "अहो दुसरा मजला, दिवा घालवा!" आणि दुसऱ्या मजल्यावरचे सगळे एकमेकांकडे संशयाने बघायचे.

त्यात गंमत अशी की मार्गशीर्ष चालू होता. दत्तजयंती नुकतीच झालेली, सुंठवडा अजून डब्यात होता. म्हणजे पौर्णिमा सरून एकदोन दिवसच झालेले. सबंध शहराने दिवे घालवले आणि वर हा एवढा मोठा चंद्र. गॅलरीचे कठडे, दोऱ्यांवरची धुणी, समोरच्या चाळीची कौलं, सगळं लख्ख दिसत होतं. बाबा म्हणाले, "याला कोण सांगणार नळकांडं लावायला?" मुंबईत जन्मून मी चांदणं असं पहिल्यांदा पाहिलं. पुढे जसजसे दिवस गेले तसतसा चंद्र उशिरा येऊ लागला, बारीक होत गेला, आणि युद्ध संपलं तेव्हा अमावास्या होती.

मार्गशीर्षातले गुरुवार आईचे. युद्धाच्या त्या पंधरवड्यात दोन गुरुवार आले, ९ आणि १६ डिसेंबर. ९ तारखेला आईने घट मांडला तो अजून डोळ्यांसमोर आहे, कारण मला ताटाएवढ्या उजेडात पूजा बघायला मिळाली होती. चौरंग त्या उजेडात बरोबर बसेना. कलश उजेडात घेतला तर फळं अंधारात, फळं घेतली तर पोथी अंधारात. शेवटी आईने चौरंगच तिरका लावला. तांब्याचा कलश चिंचेने घासलेला, त्याला हळदीकुंकवाची बोटं, आत पाच तऱ्हेची पानं, वर नारळ. नारळाला शेवंतीची वेणी. डिसेंबरची पिवळी शेवंती, मध्ये अबोलीचे वळसे आणि कडेला मरव्याची हिरवी काडी. फुलवाली त्या दिवशी दुपारीच येऊन गेली होती, कारण अंधार पडायच्या आत तिला घर गाठायचं होतं. त्या वर्षी वेण्या महाग होत्या आणि बाबा म्हणालेही, "एक वर्ष गजऱ्यावर भागव." आई काही बोलली नाही. वेणी आणली. आईच्या गप्प राहण्यात देशभक्ती नव्हती, धैर्यही नव्हतं. गुरुवार होता आणि गुरुवारी वेणी लागते, एवढंच. वरच्या नळकांड्यातून पडलेल्या उजेडात ती शेवंती जेवढी पिवळी दिसली तेवढी नंतर ट्यूबलाइटखाली कधीच दिसली नाही.

त्याच गुरुवारी रात्री दीवच्या जवळ समुद्रात आपली 'खुकरी' बुडाली. पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता जहाजाबरोबर गेले, हे पुढे आम्ही शाळेत ऐकलं. त्या रात्री मात्र आम्ही पोथी ऐकून, नैवेद्याचं पुरण खाऊन झोपलो होतो.

आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे, एक वहिनी राहायची. लग्नाला दीड वर्ष झालेलं. नवरा नौदलात. तिला पोपटी रंगाची हौस होती, साड्या पोपटी, बांगड्या पोपटी, बाळंतविडा असावा तसं सगळं. माझ्या वेण्यांना रिबिनी तीच बांधायची, कारण आई घट्ट ओढायची आणि ती नाही. तिचा नवरा 'खुकरी'वर होता. चाळीत बातमी आली ती 'बेपत्ता' अशी.

१६ तारखेला शेवटचा गुरुवार, उद्यापन. सात सवाष्णी बोलवायच्या. आणि प्रश्न पडला की वहिनीला बोलवायचं का. जिन्यात, नळावर, गॅलरीत, तीन दिवस हळू आवाजात हाच विषय. एक आजी म्हणाल्या, "बेपत्ता म्हणजे बेपत्ता. कागद येईपर्यंत ती सवाष्णच." दुसऱ्या म्हणाल्या, "उद्या काही निघालं तर तिलाच वाईट वाटेल, कशाला बोलावता?" कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. सगळ्या तिच्या काळजीनेच बोलत होत्या, आणि एका बाईने कपाळाला लाल रंग लावावा की नाही हे नौदलाच्या कुठल्याशा कचेरीतल्या टंकलेखकावर अवलंबून होतं. आईने तिला बोलावलं. ती आली नाही. तेव्हा आईने माझ्या हातात करंडा, एक केळं आणि वेणीचा तुकडा दिला आणि म्हणाली, "जा, देऊन ये. काही विचारू नकोस." मी गेले. वहिनीने करंडा घेतला, त्यातलं कुंकू बोटावर घेतलं, आरशाकडे न बघता लावलं, वेणी अंबाड्यात खोवली आणि करंडा मला परत दिला. मागे तिची सासू उभी होती. पांढऱ्या कपाळाची. तीही काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी रेडिओवर ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली. चाळ नुसती उसळली. कुणीतरी दिवाळीतले उरलेले फटाके लावले आणि खालून वॉर्डन ओरडला, "अहो, ब्लॅकआउट आहे अजून!" पण त्याच्याही आवाजात हसू होतं.

कागद आला तो संक्रांतीच्या सुमाराला. हळदीकुंकवाच्या दिवसांत. नंतर ती बरीच वर्षं चाळीत होती, पुढे तिला नोकरी लागली, ती मुलांच्या शिकवण्याही घ्यायची. पोपटी रंग तिच्या अंगावर मी पुन्हा पाहिला नाही. राखी, फिकट निळा, मातकट. तिला हे कुणी ओरडून सांगितलं नसेल. आपल्याकडे ओरडावं लागतच नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनबद्दल वाचताना मला म्हणूनच जरा हेवा वाटतो. तिथे रंगाचं रेशन निदान छापील होतं. १ जून १९४१ पासून कपड्यांना कूपनं लागू लागली, माणशी वर्षाला ६६. सरकारने 'युटिलिटी' नावाचे कपडे काढले. खिसे किती, बटणं किती, चुण्या किती, सगळं नेमून दिलेलं. सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादनही आटवलं, पण लिपस्टिक पार बंद करायची हिंमत सरकारला झाली नाही. बायकांचा धीर खचेल म्हणून. जाहिराती तर सांगू लागल्या की सुंदर दिसणं हे देशकार्य आहे. हे वाचलं की मला हसू येतं आणि थोडा वैतागही. आधी माल कमी करायचा आणि मग उरलेला वापरणं हे कर्तव्य म्हणून माथी मारायचं! बायकांनी अर्थातच आपलं बघून घेतलं. मोजे मिळेनात तेव्हा पायांना तपकिरी पाणी फासून मागे भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढायच्या. रेघ सरळ यावी म्हणून मैत्रिणीला बसवायच्या. त्या रेघेवर कुठल्याही खात्याचं कूपन नव्हतं.

लंडनचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीने वेल्समध्ये हलवली होती, पुढे तर ती पाटीच्या दगडाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात ठेवली. रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेसने दुपारच्या मैफली सुरू केल्या, ऑक्टोबर १९३९ पासून. लोक डबा खात खात ऐकायचे. मग १९४२ मध्ये लोकांनी चित्रं परत मागितली. सगळी नकोत, निदान एक तरी दाखवा. गॅलरीने महिन्याला एक चित्र आणायचं ठरवलं. एका वेळी एकच, आणि धोका दिसला की लगेच तळघरात नेता येईल असं. सुरुवातीला नव्याने घेतलेलं रेम्ब्रांटचं एका म्हाताऱ्या बाईचं चित्र लावलं. पुढे कुठलं हवं असं लोकांना विचारलं, तर मागणी आली तिशियनच्या चित्राची. पहाटेची वेळ, निळसर डोंगर, लाल वस्त्रातली मॅग्डालेन गुडघे टेकून आहे आणि पुन्हा जिवंत झालेला येशू तिला म्हणतोय की मला शिवू नकोस. शहरावर बॉम्ब पडून गेले होते, घरोघरी कुणी ना कुणी दूर होतं, आणि लोकांनी काय मागितलं तर समोर असून हात लावता येत नाही अशा माणसाचं चित्र. तेही इतक्या सुंदर रंगांत. यात धीर वाढवणारं काही नाही. कुठल्याही प्रचारखात्याला हे सुचलं नसतं.

साराजेव्होला मी गेले ते निवृत्तीनंतर, भाचीबरोबर. तिला पूल आणि मशिदी बघायच्या होत्या, मला वेढा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, पावणेचार वर्षांहून जास्त काळ हे शहर वेढ्यात होतं. वाडग्यासारखं शहर, भोवती डोंगर आणि डोंगरांवर तोफा. त्याच ठिकाणी १९८४ मध्ये हिवाळी ऑलिम्पिक झालं होतं, आणि बर्फावरच्या घसरगाड्यांसाठी त्रेबेविच डोंगरावर बांधलेला वळणावळणाचा मार्ग पुढे तोफांच्या कामी आला. वेढ्यात अकरा हजारांहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत सोळाशेच्या आसपास मुलं. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, म्हणजे आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तू कुठेही मराठा काढतेस." काढतेच.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण माझ्याच वयाची. तिची मुलगी इंग्रजीत सांगायची आणि ती मध्येच मुलीला थांबवून काहीतरी दुरुस्त करायची. त्यांच्या घरातला वेढ्यातला दिवा तिने अजून ठेवला आहे. काचेची बरणी, त्यात निम्म्याहून वर पाणी, पाण्यावर बोटभर तेल, तेलावर बुचाचा तुकडा आणि त्यातून ओवलेली बुटाच्या नाडीची वात. मी म्हटलं, आमच्याकडे देवापुढे पेल्यात असाच दिवा लावतात. तिला ते फार पटलं नाही. "आमचा देवासाठी नव्हता," ती म्हणाली, "याच्या उजेडात मी नखं रंगवायचे."

काचा पहिल्याच महिन्यांत फुटल्या होत्या. त्या जागी निर्वासितांच्या मदतसंस्थेचं प्लॅस्टिक आलं, दुधी, निळी अक्षरं छापलेलं. त्यातून उजेड यायचा पण बाहेरचं दिसायचं नाही. सबंध शहराने जवळजवळ चार वर्षं आकाश असं दुधी पाहिलं. झाडं जळणात गेली, मग फर्निचर, मग जुने बूट, मग पुस्तकं. म्हणजे हिरवा गेला, मग तपकिरी गेला. युद्ध संपल्यावर तिच्या घराला काच बसली तेव्हा त्रेबेविच पुन्हा समोर दिसायला लागला. तिने पडदा शिवून घेतला. डोंगर सुंदर आहे हे तिला मान्य होतं, बघायचा नव्हता.

साराजेव्होच्या बायका नटूनथटून, उंच टाचांच्या चपला घालून बंदूकधाऱ्यांच्या टप्प्यातले रस्ते ओलांडायच्या, हे तेव्हाच्या बातमीदारांनी जगभर लिहिलं. मी तिला विचारलं, हे खरं का? खरं, म्हणाली. पाण्याला ती बिअरच्या कारखान्यापाशी जायची, कारण तिथे झरा होता. हातात प्लॅस्टिकचे डबे, अंगावर चांगला कोट, ओठांना लिपस्टिक. नळकांडीतली लिपस्टिक संपली तेव्हा काडेपेटीच्या काडीने तळ खरवडून, जरासं तेल घालून वापरली. मी मान डोलावली. बंदुका लावून बसलेल्यांना दाखवायला, असंच ना? ती हसली आणि मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी लाजली आणि मग तिने सांगितलं, "आई म्हणते, बंदूकवाल्याला एवढ्या लांबून ओठ दिसतात का? पाण्याच्या रांगेत तीन तीन तास उभं राहायचं. सगळी ओळखीची माणसं तिथे भेटायची. माझे बाबापण तिथेच भेटले."

जगाला हवा होता तो पराक्रम साराजेव्होने जाणूनबुजूनही दाखवला, कारण जग बघेल तर काही करेल अशी आशा होती. १९९३ मध्ये एका तळघरात सौंदर्यस्पर्धा भरली. इनेला नोगिच नावाची सतरा वर्षांची मुलगी जिंकली आणि सगळ्या स्पर्धकांनी मिळून एक फलक धरला, आम्हाला मारू देऊ नका, असा. पुढे 'यूटू' या बँडने पावारोत्तींना घेऊन त्या स्पर्धेवर गाणं केलं, ते गाजलं. वेढा त्यानंतरही चालू राहिला. त्याच वर्षी 'ट्रायो' नावाच्या चित्रकारांच्या गटाने कोका-कोलाची लालभडक अक्षरं घेऊन त्यांत 'साराजेव्हो' बसवलं. मोठी पोस्टरं छापायला कागद नव्हता, म्हणून पोस्टकार्डं काढली. तळहाताएवढा तो लाल रंग मी विकत घेतला आणि घरी फ्रिजवर लावला आहे. मला तो बघताना बरं वाटतं आणि बरं वाटतं याचं जरा वाईटही वाटतं.

युद्धातल्या बालपणाचं एक छोटं संग्रहालय तिथे २०१७ पासून आहे. तोफा नाहीत, नकाशे नाहीत. तेव्हा मुलं असलेल्यांनी स्वतः दिलेल्या वस्तू आणि प्रत्येकीसोबत देणाऱ्याचे चार शब्द. त्यात मदतीच्या पाकिटांवरची वेष्टनं आहेत, कुणा पोराने जमवलेली. बिस्किटं, चॉकलेटं, कसली कसली पावडर. आतलं केव्हाच खाऊन झालेलं आणि चकचकीत कागद बोटाने सरळ करून, घडी मोडून, एकावर एक ठेवलेले. मी त्या काचेपुढे बराच वेळ उभी राहिले. कारण मदत पाठवणाऱ्यांनी त्या पाकिटांच्या उष्मांकांचा हिशेब केला असणार, वजनाचा केला असणार, कागदाच्या रंगाचा कुणीच केला नसणार. तो रंग त्या मुलाच्या वाट्याला हिशेबाबाहेर आला. त्याने तो स्वतः ठेवून घेतला. डोंगरावरच्यांना त्याचा पत्ता नव्हता, मदत देणाऱ्यांना नव्हता, कदाचित त्याच्या आईलाही नसेल.

परत आल्यावर मला वहिनी आठवत राहिली. साराजेव्होतल्या बाईची लिपस्टिक डोंगरावरच्या तोफांना हिसकावता आली नाही. वहिनीचं कुंकू कुठल्या पाणबुडीने नेलं? पाणबुडीने नवरा नेला. कुंकू आम्ही नेलं.

हा विषय काढला की लोक म्हणतात, जुन्या गोष्टी. जुन्या तर आहेतच. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. इंग्रजांनी त्यांचा दगडी स्मृतिस्तंभ उभारला. ४६ नावांच्या मागे किती करंडे मिटले याची नोंद कुठल्याही स्तंभावर नाही. आणि आजही आपल्या गावांत तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते तेव्हा काय होतं ते आपण टीव्हीवर बघतो. शाळेची मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभी. घरोघरच्या बायकांनी पहाटे उठून रस्ताभर रांगोळ्या घातलेल्या, केशरी, पांढऱ्या, हिरव्या. ट्रकवर झेंडूच्या माळा, वरून पाकळ्यांचा सडा. सगळं गाव रंगात न्हालेलं असतं. त्या दिवशी रंग फक्त एकीचा जातो. तो आतल्या खोलीत जातो, कॅमेरा तिथे नसतो, आणि तो काढून घेणारे हात बहुतेक वेळा बायकांचेच असतात. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं. ज्या रंगांनी त्याला निरोप दिला त्यांतला एकही तिला ठेवून घेता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, ग्रामपंचायतीत ठराव केला की आमच्या गावात हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनीही हा कित्ता गिरवावा. काही गावांनी गिरवला. ठरावाने रीत एका दिवसात जात नाही हे मला कळतं. सासूने हात पुढे केला तर ग्रामसेवक काही मध्ये पडत नाही. पण निदान ज्या सुनेला, ज्या नणंदेला तो हात अडवायचा आहे तिच्या पाठीशी एक कागद असतो. वहिनीच्या वेळी कागद फक्त एकाच बाजूने यायचा.

तुमच्या गावची ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. पुढच्या सभेत हा विषय मांडा, आणि ठराव आधीच झालेला असेल तर तो वाचून दाखवायला लावा. घरात किंवा शेजारी तशी वेळ आलीच तर रस्त्यावर रांगोळी घालायला इतर पुष्कळ जणी असतात. तुम्ही आतल्या खोलीत जा आणि तिच्या शेजारी बसा. कुणी करंडा उचलायला आलं तर म्हणा, राहू दे तिच्याकडे, लावायचं की नाही ते ती ठरवेल.